सपाट चित्र, फुगीर टाकी

मोटारसायकलच्या टाकीवर राजमुद्रा, सह्याद्रीची रांग किंवा स्वतः काढलेला वाघ हवा असेल, तर रेडियमच्या दुकानात तो विनाइलवर छापून मिळतो. छपाई सोपी आहे. कस लागतो तो चिकटवताना, आणि तिथं गाठ भूमितीशी असते.

नारळाला वर्तमानपत्राचं पान गुंडाळून पाहा. कितीही हलक्या हातानं गुंडाळलंत तरी कडेला चुण्या पडणारच. जर्मन गणितज्ञ गाउस यानं १८२७ मध्ये वक्र पृष्ठांविषयी जो सिद्धांत मांडला, त्यातून याचं उत्तर मिळतं : सपाट पृष्ठ ताणल्याशिवाय किंवा आक्रसल्याशिवाय गोलावर बसूच शकत नाही. टाकीचा माथा दोन्ही दिशांनी फुगीर असतो, म्हणून तिथं स्टिकरची कड जास्त होते आणि सुरकुतते. गुडघे टेकायच्या खाचेजवळ पत्रा बऱ्याचदा एका दिशेनं आत आणि दुसऱ्या दिशेनं बाहेर वळतो. तिथं उलट कड अपुरी पडते, ती ओढावी लागते.

म्हणून चित्र संगणकावर बेतण्याआधी टाकीवर कागद लावून पाहावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वाघाचा चेहरा टाकी सगळ्यात कमी वळते तिथं घ्यावा, पट्टे वळणावर जाऊ द्यावेत. ताणलेला पट्टा खपून जातो, ताणलेला डोळा लगेच खटकतो. तुकडे पाडावे लागले तर जोड काळ्या पट्ट्यांत लपवता येतात.

विनाइल हीट गननं ऊब दिली की मऊ पडतं, हवं तसं ओढता येतं. पण त्यातल्या लांबलचक रेणुसाखळ्या मूळ जागी परतायला बघतात. कारागीर याला ‘मेमरी’ म्हणतात. मग उन्हात कड मागे सरते, उघड्या पडलेल्या गोंदावर धुळीची काळी रेघ उमटते. स्वस्त विनाइल तापल्या रोलरांमधून दाबून काढलेलं असतं, त्यामुळे हा ताण त्यात जन्मापासूनच कोंडलेला असतो. ‘कास्ट’ विनाइल द्रवरूपात पसरून भट्टीत सुकवतात. जाडी साधारण ५० मायक्रॉन, आणि आतला ताण अगदी कमी. सपाट साइड पॅनेलला स्वस्त चालेल, टाकीला मात्र कास्टच घ्यावं. लावून झाल्यावर ताणलेल्या जागा पुन्हा तापवायच्या, बहुधा ९० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे साखळ्या नव्या आकारात स्थिरावतात.

गोंदाचं शास्त्रही तितकंच रंजक आहे. थ्रीएम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी दाखवून दिलं, की नुसत्या दाबानं चिकटायचं तर गोंद पुरेसा मऊ हवा, त्याचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ३ लाख पास्कलपेक्षा कमी. तरच तो रंगावरच्या सूक्ष्म खाचखळग्यांत शिरतो. रेणूंमधलं आकर्षण जेमतेम नॅनोमीटरभर अंतरावर काम करतं, त्यामुळे पॉलिशचा मेणचट थर मध्ये राहिला की सगळी मेहनत वाया. न रंगवलेल्या काळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या मडगार्डवर तर साधा गोंद नीट पसरतच नाही. त्या प्लास्टिकची पृष्ठऊर्जाच कमी असते.

राहता राहिलं ऊन आणि पेट्रोल. छपाईतले पिवळे-गुलाबी रंग सहसा निळ्याच्या आधी उडतात. अतिनील किरण रोखणारं लॅमिनेशन त्यांचं आयुष्य वाढवतं. पण सांडलेलं पेट्रोल कडेनंच आत शिरून गोंद सैल करतं, तेव्हा झाकणाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी.