खिडकी कोणतीही चालते

आमचं घर हैदराबादच्या गौलीगुड्यातलं. लहानपणी नांदेडला आजोळी निघालो की बसस्टँडच्या त्या अवाढव्य लोखंडी हँगरखाली बाबा चौकशीच्या खिडकीशी उभे राहायचे. आतला माणूस कधी 'पलीकडे विचारा' म्हणत नसे. मागे वळून दोघातिघांना हाक मारायचा आणि एकच पक्कं उत्तर द्यायचा. तो हँगर ५ जुलै २०१८ ला कोसळला. ती खिडकी मात्र मला रोज आठवते, कारण हायटेक सिटीत मी एलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेचे क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनचे गट, सांभाळतो.

समजा, पुस्तकांच्या दुकानाच्या साइटवर तुम्ही 'पानिपत' शोधलंत. लाखो पुस्तकांची सूची पाच तुकड्यांत, म्हणजे शार्डमध्ये, कापून सहा मशीनवर ठेवलेली असते, आणि प्रत्येक शार्डची एक प्रत दुसऱ्या मशीनवर. तुमची मागणी सहापैकी कुठल्याही मशीनवर गेली तरी चालतं. जिच्यावर गेली तीच खिडकी. 'पानिपत' कुठल्या शार्डमध्ये आहे हे तिला ठाऊक नसतं, म्हणून ती पाचही शार्डना विचारते. मूळ शार्ड की प्रत? जी सध्या लवकर उत्तर देतेय आणि जिच्यापुढे रांग कमी आहे, ती.

पुढची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक शार्ड पुस्तकाचा सगळा तपशील पाठवत नाही. आपल्याकडच्या पहिल्या दहांचे फक्त क्रमांक आणि गुण पाठवतो. खिडकी त्या पन्नासातून दहा निवडते आणि तेवढ्यांचाच तपशील मागवते. पण हजारावं पान मागितलंत, तर प्रत्येक शार्डला दहा हजार नोंदी पाठवाव्या लागतात आणि पन्नास हजारांची चाळणी त्या एका खिडकीवर पडते. म्हणून एलॅस्टिकसर्च मुळातच दहा हजारांवर थांबतं.

एकच पुस्तक त्याच्या क्रमांकावरून हवं असेल, तर सगळ्यांना विचारायची गरज नाही. क्रमांकावरून एक आकडा काढतात, त्याला शार्डच्या संख्येने भागतात. बाकी उरेल तो शार्ड. सतरा भागिले पाच, बाकी दोन. शार्ड सहा केले तर बाकी पाच, म्हणजे पत्ताच बदलला! म्हणून ही संख्या सुरुवातीलाच विचार करून ठरवावी लागते.

मी पूर्वी जिथे होतो, तिथे दिवाळीच्या सेलमध्ये संध्याकाळी शोध ठप्प झाला. रात्री एकपर्यंत आम्ही शार्ड तपासत बसलो. सगळे ठीक होते. मग एका सहकारी मुलीने सहाही मशीनचे आलेख शेजारी शेजारी लावले: एकीची मेमरी काठोकाठ भरलेली, पाच जवळपास मोकळ्या. आमच्या प्रोग्राममध्ये पत्ता एकाच मशीनचा लिहिलेला होता. शोधाचं काम वाटलं जात होतं, पण उत्तरं गोळा करायचं सगळं ओझं एकटीवर. तिने तिथे सहाही पत्ते लिहिले, म्हणजे प्रोग्राम आळीपाळीने प्रत्येकीकडे जाईल आणि एखादी बंद पडली तर तिला वगळून पुढच्या खिडकीवर. सव्वादोनला सहाही रेषा एका उंचीवर आल्या.