अरणी : पिंपळाच्या लाकडातला अग्नी

वृक्षदैवते : लेखांक ७

सुताराला पिंपळाचे लाकूड नको असते. ते हलके, मऊ, करडट-पांढरे. कीड लवकर लागते आणि उघड्यावर फार टिकत नाही. फार तर खोक्यांच्या फळ्यांना चालते. दाराची चौकट, नांगर, गाडीचे चाक यांपैकी कशासाठीही कोणी पिंपळ निवडत नाही. तरीही वैदिक यज्ञविधीत सगळ्यात मानाचे काम याच लाकडाकडे आहे. श्रौतयज्ञाचा अग्नी ज्या दोन लाकडांच्या घर्षणातून काढायचा, त्या अरणी पिंपळाच्या असतात. पवित्र झाडाच्या लाकडात काही शक्ती भरून ठेवलेली असते आणि ते लाकूड घरात ठेवले किंवा अंगावर बांधले की ती आपल्याकडे येते, असा आज सर्रास समज आहे. पूजासाहित्याच्या दुकानातला शमीच्या लाकडाचा तुकडा याच समजुतीवर विकला जातो. अरणीचा पुरावा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. त्या परंपरेत लाकडाचे सामर्थ्य तीन गोष्टींतून येते: झाड कसे जगले, त्या लाकडावर किती हात राबले आणि ते कोणी, किती वर्षे सांभाळले. नुसत्या बाळगण्यातून ते येत नाही.

अरणी हे यंत्र कसे असते ते आधी नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या तपशिलावर उभा आहे. कर्मप्रदीप या ग्रंथात त्याची मापे दिली आहेत. अरणी अंगठ्याच्या रुंदीने मोजायची: लांबी २४ अंगठे, रुंदी ६, जाडी ४. खालची ती अधरारणी, वरची ती उत्तरारणी. वरची अरणी अख्खी फिरवत नाहीत. तिच्यातून ८ अंगुळांचा एक तुकडा काढतात, तो प्रमंथ. हा प्रमंथ चात्र नावाच्या १२ अंगुळांच्या उभ्या दांडीच्या टोकाला बसवतात आणि दांडीच्या डोक्यावर दाब देण्यासाठी ओविली ही आडवी पट्टी ठेवतात. ती पट्टीही १२ अंगुळांची. चात्र आणि ओविली यांना मात्र पिंपळ चालत नाही. त्या गाभ्याच्या कठीण लाकडाच्या हव्यात. दांडीभोवती गुंडाळायच्या दोरीला नेत्र म्हणतात. ती गाईच्या शेपटीचे केस आणि ताग मिसळून वळलेली, तीन पदरी आणि एक वाव लांब असते. एकजण ओविली दाबून धरतो, दुसरा दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढतो, ताक घुसळताना रवीची दोरी ओढावी तशी. अधरारणीच्या ठरलेल्या खळग्यात प्रमंथ फिरू लागतो. आधी करपल्याचा वास येतो, मग धूर निघतो. खळग्याच्या कडेला काळी भुकटी साचत जाते आणि जमले तर त्या भुकटीत एक लाल ठिपका धरतो. तो कापसात किंवा गोवरीच्या भुग्यात घेऊन फुंकायचा. केरळातल्या पांजाळ या गावी एप्रिल १९७५ मध्ये नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले, तेव्हाही अग्नी असाच मंथनातून काढला गेला. वैदिक विधींचे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी त्या यज्ञाची सविस्तर नोंद १९८३च्या आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातले २९वे सूक्त याच मंथनाचे आहे. गर्भवतीच्या पोटात गर्भ असावा तसा अग्नी अरणींत आहे, असे ते म्हणते. हे रूपक पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्याच सूक्तात हा अग्नी बाहूंनी घुसळल्यावर झळकतो असेही सांगितले आहे. त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पहिल्या मंडलात एके ठिकाणी दहा तरुणी मिळून अग्नीला जन्म देतात. त्या दहा म्हणजे माणसाच्या हाताची बोटे, हा अर्थ परंपरेनेच लावलेला आहे. सूक्तकारांना लाकडाइतकेच ते घुसळणारे हात महत्त्वाचे वाटले, आणि त्यांनी हातांनाही जन्मदात्रीचे स्थान दिले.

आता झाडाकडे येऊ. कुठलाही पिंपळ अरणीला पसंत नसतो. श्रौतसूत्रांना हवा असतो तो शमीगर्भ अश्वत्थ, म्हणजे शमीवर वाढलेला पिंपळ. शमी म्हणजे आपल्याकडचा सौंदड. पिंपळाची फळे पक्षी खातात, त्यांच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते, तिथेच रुजते आणि मुळे खोडावरून खाली सोडत जमिनीपर्यंत पोचते. जुन्या वाड्यांच्या भिंतीतून पिंपळ फुटतो तोही असाच. ज्याची मुळे शमीशी एकजीव झाली आहेत तो शमीगर्भ, अशी व्याख्या कर्मप्रदीपाने केली आहे, आणि ती रानात जाऊन पाहणाऱ्याची व्याख्या आहे. असे झाड मिळाले नाही तर काय करायचे याचेही उत्तर तिथेच आहे: साध्या पिंपळाची अरणी घ्यावी, उशीर करू नये. लाकडाच्या जातीतच सामर्थ्य असते तर ही मुभा देता आली नसती. शमीचे लाकूड अरणीत कुठेच नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. शमी फक्त आधार देणारी. मान मिळतो तो तिच्या आणि पिंपळाच्या नात्याला.

हे नाते कसे ठरत गेले याची एक विलक्षण नोंद शतपथ ब्राह्मणात पुरूरवा-उर्वशीच्या कथेत आहे. गंधर्वांनी पुरूरव्याला एका पात्रात अग्नी दिला. त्याने तो रानात ठेवला आणि मुलाला घेऊन तो घरी गेला. परत येऊन पाहतो तर अग्नीचा अश्वत्थ झालेला आणि पात्राची शमी. हरवलेला अग्नी परत कसा मिळवायचा, हे त्याने गंधर्वांना विचारले. त्यांनी आधी सांगितले की वर्षभर भात शिजवून तुपात भिजलेल्या अश्वत्थाच्या समिधा अर्पण कर. लगेच तेच म्हणाले, हा आडमार्ग झाला. वरची अरणी अश्वत्थाची आणि खालची शमीची कर. पुन्हा म्हणाले, हाही आडमार्गच; दोन्ही अश्वत्थाच्याच कर. पुरूरव्याने तसे केले आणि निघालेला अग्नी तोच होता. गंधर्वांसारख्या दिव्य सल्लागारांनी दोनदा सल्ला सुधारला, आणि ब्राह्मणकाराने तिसऱ्या सल्ल्याबरोबर पहिले दोनही जपून ठेवले. मला ही कथा म्हणजे विधीने स्वतःच्या प्रयोगांची ठेवलेली आठवण वाटते. शमी कठीण आणि जड, पिंपळ मऊ. मऊ लाकडावर मऊ लाकूड फिरवले की भुकटी लवकर पडते.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो. मग हे सगळे अग्नी पेटवण्याचे तंत्रच झाले. गर्भ, गंधर्व, मंत्र ही नंतरची सजावट. तूतांखामेनच्या थडग्यातही लाकूड फिरवून अग्नी काढण्याचे साधन सापडले आहे आणि ते वापरायला उर्वशीची गरज पडली नाही. आक्षेपात तथ्य आहे. पिंपळ का, याचे उत्तर तंत्र देते. पण शमीवरचाच पिंपळ का, आणि त्यातही पूर्वेकडे, उत्तरेकडे किंवा वर गेलेलीच फांदी का, याचे उत्तर तंत्राकडे नाही. शमीवर वाढल्याने पिंपळ लवकर पेटत नाही. तिथे दुसरा विचार काम करतो. झाडाने जे आयुष्यभर केले तेच त्याच्या लाकडाकडून विधीत करवून घ्यायचे, हा तो विचार. दुसऱ्याच्या कुशीत वाढलेल्या झाडातून गर्भ बाहेर काढायचा. तंत्र आणि विचार यांतला एक खरा आणि दुसरा दिखाऊ ठरवायची घाई आपण करतो, ज्यांनी अरणी घडवल्या त्यांनी ती केली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो अथर्ववेदातून येतो. लाकडाचे मणी, म्हणजे ताईत, वेदातच आहेत ना? आहेत, आणि ठळकपणे आहेत. पळसाचा मणी तिसऱ्या कांडात आहे, औदुंबर मणी एकोणिसाव्या कांडात पुष्टीसाठी, खैराचा दहाव्यात. शत्रूचा नाश करण्यासाठी तिसऱ्याच कांडात खैरावर वाढलेला अश्वत्थ बोलावला आहे. तेव्हा लाकूड बाळगून लाभ मिळवण्याची कल्पना बाजारू आणि अलीकडची आहे असे म्हणणे खोटे ठरेल, आणि माझा तसा दावाही नाही. पण खैरावरच्या अश्वत्थाचे सूक्त नीट वाचले की दिसते, तिथेही शक्ती लाकडात मुळातली मानलेली नाही. पिंपळ खैरावर चढतो, त्याला वेढतो, शेवटी फोडतो. तसाच तू माझ्या शत्रूला फोड, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे मणीही झाडाचे वागणे पाहूनच बोलतो. पुढे ग्रहशांतीत समिधांची यादी ठरून गेली, शनीला शमी, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर. तिथे हे पाहणे हळूहळू सुटत गेले आणि नाव तेवढे उरले. अरणीने ते सोडले नाही, कारण अरणीला प्रत्येक मंथनात परीक्षा द्यावी लागत होती. ताईत फसला तरी ते कळत नाही. अरणी फसली की धुरापलीकडे काही निघत नाही, आणि ते सगळ्यांसमोर होते.

फसते हे विधीने मान्यही केले आहे. अग्निहोत्री प्रवासाला निघाला की अग्नी अरणींत चढवतो: अरणी अग्नीवर तापवायच्या, मंत्र म्हणायचा, आणि मुक्कामी पोचल्यावर मंथन करून तोच अग्नी पुन्हा उतरवायचा. लाकडात अग्नी साठवला जातो ही कल्पना याहून शब्दशः कुठे सापडायची नाही, आणि माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात बळकट पुरावाही हाच. पण मंथन करूनही अग्नी निघाला नाही तर काय करायचे, हे तैत्तिरीय ब्राह्मण तितक्याच शांतपणे सांगते. दुसरा अग्नी आणून होम करावा. तोही नसेल तर शेळीच्या उजव्या कानावर, ब्राह्मणाच्या उजव्या हातावर, दर्भाच्या जुडीवर, नाहीतर पाण्यात आहुती द्यावी. लाकूड ओलसर असेल, हात थकले असतील, पावसाळा असेल; अग्निहोत्राची वेळ मात्र चुकवायची नाही. लाकडाच्या अमोघ शक्तीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी अशी तरतूद केली नसती. इथे भिस्त आहे ती नेम चालू ठेवण्यावर.

श्वेताश्वतर उपनिषदाने हेच आत वळवले. देह ही खालची अरणी, प्रणव म्हणजे ॐकार ही वरची, आणि ध्यान हे मंथन. त्याच्याच पुढच्या मंत्रात तिळातले तेल, दह्यातले तूप, झऱ्यातले पाणी आणि अरणीतला अग्नी यांच्याशी आत्म्याची तुलना आहे. यांतली एकही वस्तू नुसती जवळ ठेवून हाती येत नाही. गाळावे, घुसळावे, खणावे लागते. अरणीचा आध्यात्मिक अर्थ म्हणून याहून वेगळा काही शोधण्याची गरज मला वाटत नाही.

अरणी एकट्याच्या नसतात, दांपत्याच्या असतात. अग्नीचे आधान, म्हणजे श्रौत अग्नीची विधिपूर्वक स्थापना, पत्नीवाचून होत नाही. पत्नी आधी गेली तर तिचे दहन त्याच अग्नींनी आणि यज्ञपात्रांसह करून पतीने पुन्हा लग्न आणि पुन्हा आधान करावे, असे मनुस्मृती सांगते. अग्निहोत्री गेला तर आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे त्याची यज्ञपात्रे त्याच्या देहावर मांडतात: उजव्या हातात जुहू ही पळी, छातीवर ध्रुवा ही दुसरी पळी, मांड्यांवर दोन अरणी. त्या मुलाला वारशाने द्यायच्या नाहीत, देव्हाऱ्यात ठेवायच्या नाहीत. मुलाने आधान करायचे असेल तर त्याने त्याच्या अरणी घ्याव्यात. पिढ्यान्‌पिढ्या साठत जाणारी शक्ती म्हणून जर हे लाकूड पाहिले गेले असते, तर ते चितेवर गेले नसते.

शेवटचा आक्षेप टाळता येणार नाही. हात महत्त्वाचे, श्रम महत्त्वाचे हे खरे. पण कोणाचे हात? श्रौत अग्नीचा अधिकार तीन वर्णांपुरता होता, आणि ज्यांच्या कष्टावर बाकी सगळे चालत होते ते बाहेर होते. याचे समर्थन मी करणार नाही. अरणीचा विचार जितका श्रमाला मान देतो, तितका हा नियम त्याला उलटा जातो. या भिंतीत एक फट मात्र ग्रंथांनीच ठेवली आहे, आणि ती नेमकी लाकडाच्या बाजूने आहे. पावसाळ्यात रथकाराने, म्हणजे रथ घडवणाऱ्या कारागिराने, आधान करावे असे वचन आहे. हा रथकार त्रैवर्णिकांपैकी की त्यांच्या बाहेरचा, यावर मीमांसकांनी पुष्कळ काथ्याकूट केला आणि तो त्रैवर्णिकांहून वेगळा असून वचनानेच त्याला अधिकार मिळतो, असा निर्णय दिला. लाकडावर रोज हात चालवणाऱ्याला अग्नी नाकारणे कोणा जुन्या विधिकाराला जमले नसावे, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करता येणार नाही, पण रथकाराच्या या अधिकाराला दुसरे पटणारे कारण मला दिसत नाही.

अरणीसाठी फक्त फांदी लागते, झाड उभे राहते. यूपासाठी, म्हणजे यज्ञपशू बांधायच्या खांबासाठी, मात्र अख्खे झाड तोडावे लागे, आणि तोडण्याआधी कुऱ्हाडीला, तोडल्यावर बुंध्याला उद्देशून मंत्र म्हणत. पुढच्या आठवड्यात त्या मंत्रांकडे आणि त्यांच्या मागच्या अपराधी भावनेकडे वळू.