खाडीतल्या गवताची मुळे काय करतात?



ओहोटीला खुबे काढायला गेलो की पायाखाली हिरवे, मऊ काहीतरी लागते. आजी त्याला शेवाळ म्हणते. मीही तेच म्हणायचो. पण ते शेवाळ नव्हे, गवत आहे. शेवाळाला खरी मुळे आणि फुले नसतात. याला दोन्ही आहेत. पाने म्हणाल तर करंगळीच्या नखाएवढी! शास्त्रीय नाव हॅलोफिला बेक्कारी. बेक्कारी हे इटलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्यावरून ते नाव पडले. वर्गात सगळे हसले. पण हे गवत बेकार मुळीच नाही.

गुरुजींच्या सांगण्यावरून मी दोन ठिकाणी वीतभर उकरून बघितले. गवत नव्हते तिथे वर पातळ तपकिरी थर, खाली सगळा काळा चिखल. कुजक्या अंड्यासारखा वास! गवताखालीही चिखल काळपटच होता, पण मुळांभोवती तांबूस कडा दिसली. पाणी साचलेल्या शेतातले भाताचे रोप उपटले की मुळे तांबूस दिसतात ना, अगदी तशी.

हे कसे होते? चिखलात हवा शिरत नाही. तिथले सूक्ष्म जीव हवेशिवाय पालापाचोळा कुजवतात आणि गंधकाचा विषारी वायू तयार होतो. मुळे त्याने मरतील. म्हणून गवत उन्हात जो प्राणवायू तयार करते, त्यातला थोडा खाली मुळांकडे जातो आणि चिखलात पाझरतो. तिथले लोह गंजते. तीच तांबूस कडा. खताच्या पोत्यावर आपण नत्र, स्फुरद वाचतो. त्यातले स्फुरद या गंजाला चिकटून राहते.

नत्राची गंमत वेगळी आहे. मुळांतून थोडी साखरही पाझरते. ती खाऊन काही सूक्ष्म जीव पाण्यातल्या नत्रवायूचे खत बनवतात. भुईमुगाच्या गाठींत होते तसेच, फक्त इथे गाठी नसतात.

मग गवतामुळे चिखलातले खत वाढते की कमी होते? मी बरेच दिवस अडलो होतो. उत्तर आहे, दोन्ही! चिखलातल्या पाण्यात विरघळलेले खत मुळे शोषून घेतात, म्हणून ते कमी होते. पण पानांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, जुनी पानेही तिथेच कुजतात. म्हणून एकूण साठा वाढतो.

हा साठा गवत धरून ठेवते. होड्या लावायच्या जागेवरचे ‘शेवाळ’ खरवडून काढायचे बोलणे गावात चालले आहे, म्हणून हे लिहितो. गवत गेले की गाळ उसवतो, गंजाची पकड सुटते, खत पाण्यात येते. त्यावर खरे शेवाळ माजते! शिवाय हे गवत जगातल्या धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे.

भित्तिपत्रकाखाली दोन बरण्या ठेवल्या आहेत, एक गवताच्या चिखलाची, एक नुसत्या चिखलाची. गवताच्या बरणीतली तांबूस कडा काळी पडली आहे. चूक माझी. चार दिवस मी ती कपाटात ठेवली होती. उजेड नाही तर प्राणवायू कुठला? खाडीचे पाणी फार गढूळ झाले तरी असेच होते. पुढच्या ओहोटीला नवीन बरणी भरून खिडकीत ठेवीन. झाकण उघडणाऱ्यांनी आधी नाक धरावे.

– इयत्ता ७ वी