विषारी मातीचे शुद्धीकरण

‘शुद्धीकरण’ हा शब्द आला की आपल्याला १९२७ चे महाड आठवते. चवदार तळ्याच्या पाण्यात विष नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसांनी ते ओंजळीने प्यायले, एवढेच घडले होते. तरी सवर्णांनी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केले. मला या शब्दाच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहायचे आहे. माती खरोखरच विषारी झाली तर ती शुद्ध कशी करतात? आणि ती निकड कोणाला वाटते?

यासाठी मी अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याचे उदाहरण घेतो. १९७८ च्या उन्हाळ्यात तेथे पीसीबी हे रसायन मिसळलेले टाकाऊ तेल रात्री टँकरमधून २०० हून अधिक मैल रस्त्यांच्या कडेला सोडण्यात आले. कायदेशीर विल्हेवाटीचा खर्च वाचवायचा होता. पीसीबी विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरीत. ते टिकाऊ म्हणून उपयोगी, आणि टिकाऊ म्हणूनच घातक. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे राहते, अन्नावाटे शरीरात गेले की चरबीत साठते. त्यामुळे कर्करोग होतो.

सरकारने ही माती खरवडली. पण टाकायची कोठे? निवड झाली वॉरेन काउंटीतील ॲफ्टन या गावाची. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तेथे भूजल जमिनीखाली थोड्याच फुटांवर होते आणि लोक विहिरींचे पाणी पीत. विज्ञानाने जी जागा टाळायला हवी, तीच निवडली गेली. कारण वस्ती गरीब होती आणि बहुसंख्य काळ्यांची होती. सप्टेंबर १९८२ मध्ये ट्रक येऊ लागले तेव्हा माणसे रस्त्यात आडवी झाली. ५०० हून अधिक अटका झाल्या. तरी माती पुरली गेलीच. १९८३ साली अमेरिकी काँग्रेसच्या हिशेब तपासणी कार्यालयाने आग्नेय भागातील ८ राज्यांची पाहणी केली. घातक कचरा पुरण्याच्या ४ मोठ्या जागांपैकी ३ काळ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत निघाल्या. गावकूस तिथेही आहे, फक्त ते दगडमातीचे नाही.

पुरलेले विष नाहीसे होत नाही. खड्ड्याला प्लास्टिकचे आणि चिकणमातीचे अस्तर होते, पण आत पाणी साठत गेले. १९९३ मध्ये सरकारला ते जाहीर करावे लागले. तंत्र उपलब्ध झाले की माती निर्विष करू, असे वचन गव्हर्नरांनी १९८२ मध्ये दिले होते. लोकांनी ते पुढे ठेवले. सरकारबरोबरच्या समितीत ते बसले आणि आपला स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार त्यांनी मिळवला.

निवडलेल्या पद्धतीचे तत्त्व समजायला कठीण नाही. माती उकरून तिच्यात अल्कली मिसळायची आणि बंद भांड्यात बाहेरून तापवायची. ज्वाळा मातीला लागू द्यायची नाही, कारण पीसीबी अर्धवट जळाले तर डायॉक्सिनसारखी आणखी जहाल विषे तयार होतात. उष्णतेने पीसीबीची वाफ होते, ती थंड करून गोळा करतात. अल्कलीच्या क्रियेने त्यातील क्लोरीन सुटतो आणि त्याचे साधे मीठ बनते. २००१ ते २००३ या काळात सुमारे ८० हजार टन माती अशी स्वच्छ करून तेथेच परत भरली गेली. खर्च आला पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते शक्य होते. त्यासाठी लोकांना वीस वर्षे लढावे लागले.

आता आपल्याकडे पाहू. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातील पिथमपूरला नेला. लोकांनी विरोध केला, तरी तो तेथे जाळला गेला, आणि त्याची राख पुरण्याचा प्रश्न उरला. भोपाळच्या मातीत आणि भूजलात मुरलेले विष या ३३७ टनांत मोजलेलेच नव्हते.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक ठिकाणी काही प्रश्न विचारावेत. विष नष्ट होणार आहे की दुसऱ्या वस्तीत जाणार आहे? जागा कोणी ठरवली? स्वच्छतेचे मोजमाप कोण करणार, आणि लोकांचा तज्ज्ञ त्यात आहे का? माती उकरणारे हात कोणाचे, आणि त्यांना संरक्षण काय? ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या इतरांची घाण आली, त्यांनी हे रसायनशास्त्रही शिकून घेतले पाहिजे. वॉरेनच्या लोकांनी ते शिकून घेतले होते.