वाद्ये : संग्रहालयातील आणि आपल्या गावांतील



परिसर अभ्यास व विज्ञान ह्या विषयांच्या अध्यापनात वस्तुसंग्रहालयाचा उपयोग कसा करावा, असा प्रश्न केंद्रावरील सभांतून वारंवार विचारला जातो. बहुधा तो सहलीपुरताच असतो. मुलांना बसमधून न्यावे, दालनांतून रांगेने फिरवावे व परत आल्यावर निबंध लिहून घ्यावा, एवढ्यावर आपले समाधान होते. प्रस्तुत लेखात एकाच प्रकारच्या वस्तूंचा, म्हणजे वाद्यांचा, विचार केला आहे. वाद्य हे करमणुकीचे साधन खरे. परंतु ते ध्वनिशास्त्राचे उपकरणही आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत ते जितके सहज मिळते तितके भिंग किंवा तापमापकही मिळत नाही.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका खेडेगावच्या शाळेत मी जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरविले होते. भजनी मंडळातील एका वृद्ध गृहस्थांनी आपला पखवाज विश्वासाने आणून दिला. वाद्यावर धूळ बसलेली, उजव्या तोंडावर काळा थर, डाव्या तोंडावर वाळलेल्या कणकेचे पापुद्रे. प्रदर्शन नीटनेटके दिसावे म्हणून चौथीच्या मुलांकडून मी ते ओल्या फडक्याने पुसून घेतले. डावीकडची कणीक निघाली त्याचे काही नव्हते, कारण ती वाजविण्याच्या वेळी नव्याने लावावयाची असते. पण मुलांनी त्याच उत्साहाने उजवीकडची शाईही काथ्याने घासून काढली. सायंकाळी ते गृहस्थ आले, त्यांनी पुडीवर एक बोट मारून पाहिले, आणि काही न बोलता पखवाज खांद्यास अडकवून ते निघून गेले. नवी पुडी चढविण्याचा खर्च मी दिला. परंतु त्यांनी पुन्हा कधी शाळेस काही आणून दिले नाही.

तो काळा थर म्हणजे मळ नव्हे, इतके मलाही ठाऊक होते. तो काय काम करतो हे मात्र ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच मी लक्ष दिले नाही.

ते काम असे. ताणून बसविलेल्या साध्या चामड्यावर आघात केला की मूळ स्वराबरोबर इतर अनेक कंपने उठतात. त्यांची कंपनसंख्या मूळ स्वराच्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी विषम असते. हे सारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हलगीचा आवाज दणदणीत असूनही तिचा 'सा' कोणता हे सांगता येत नाही. तबला, मृदंग, पखवाज ह्यांच्या पुडीवर मध्यभागी शाईचे वजन बसविले की कंपने बदलतात व वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे नेमके होतात. तारेच्या वाद्यात जी सुसंवादी स्वरमाला आपोआप मिळते, ती येथे कारागिराने चामड्यातून काढलेली आहे. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ही गोष्ट शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे मांडली. प्रकाशावरील संशोधनाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले हे आपण मुलांना शिकवितो. पुडीवरील शाईचा उल्लेख मात्र करीत नाही. लोहचूर्ण व खळ ह्यांचे मिश्रण थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ही शाई चढवितात. हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते त्यांनी ते कोणत्याही ग्रंथातून घेतलेले नव्हते.

आता संग्रहालयांकडे वळू. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे वाद्यांचे एक प्रसिद्ध संग्रहालय आहे. १८७७ साली ते स्थापन झाले, तेव्हा त्याच्या मूळ संग्रहात कलकत्त्याचे सौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजास भेट पाठविलेली सुमारे शंभर भारतीय वाद्ये होती. तेथील पहिले संग्रहपाल व्हिक्टर माहियों यांना जगभरची वाद्ये एका पद्धतीने लावावयाची होती. युरोपात तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि तालवाद्ये असे ढोबळ भाग प्रचलित होते. त्यांत घंटा आणि ढोल एकाच खणात पडत. माहियों यांनी चार वर्ग केले : तार कंप पावते ती, हवेचा स्तंभ कंप पावतो ती, ताणलेले चामडे कंप पावते ती आणि ज्यांचा घन पदार्थच कंप पावतो ती. आपल्या नाट्यशास्त्रात भरताने तत, सुषिर, अवनद्ध व घन असे जे चार वर्ग सांगितले आहेत, त्यांच्याशी हे तंतोतंत जुळतात. पुढे १९१४ साली हॉर्नबॉस्टेल व झाक्स या दोन विद्वानांनी ह्याच पायावर विस्तृत वर्गीकरण रचले व आज बहुतेक संग्रहालये ते वापरतात.

चौथी-पाचवीच्या वर्गास ह्याहून चांगला वर्गीकरणाचा पाठ मी पाहिलेला नाही. तुणतुणे व एकतारी तत वर्गात, सनई, पावा व तुतारी सुषिर वर्गात, हलगी, संबळ व दिमडी अवनद्ध वर्गात, टाळ, झांज व चिपळ्या घन वर्गात, इथवर मुले झरझर सांगतात. मग पेटी पुढे ठेवावी. 'बोटांनी वाजते' असे उत्तर येईल. भाता बंद ठेवून पट्टी दाबावयास सांगावे, म्हणजे कंप कशाने उठतो ते मुलेच सांगतील. शेवटी यल्लमाच्या जोगत्यांचे चौंडके पुढे ठेवावे. पोकळ लाकडी नळकांड्याचे एक तोंड चामड्याने मढविलेले असते, चामड्याच्या मध्यातून तार निघालेली असते आणि ती तार ताणून छेडली जाते. मग हे तत म्हणावे की अवनद्ध? हा प्रश्न विद्वानांमध्येही वादग्रस्त राहिलेला आहे. शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये.

संग्रहालयातील वाद्य मुके असते ही तक्रार रास्त आहे. तरीही मुकी वाद्ये मोजता येतात. इंग्लंडमधील अलेक्झांडर एलिस यांनी संग्रहालयांतील व प्रवासी वादकांजवळील देशोदेशींच्या वाद्यांचे स्वर मोजून १८८५ साली निबंध प्रसिद्ध केला. स्वर ओळखण्याइतका त्यांचा कान तयार नव्हता; ते काम त्यांचे स्नेही हिप्किन्स करीत आणि एलिस आकडेमोड करीत. निसर्गाने सर्व मानवांस एकच स्वरसप्तक दिले आहे, ही समजूत त्यांच्या मोजमापांपुढे टिकली नाही. आपल्याकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या मापनावरील पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. सांगली आपल्यापासून किती लांब, हे सांगावयास नको.

सहलीस योग्य असे ठिकाण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय होय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती व वाद्ये जमविली, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहास दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मात्र मुलांना सगळी दालने दाखविण्याचा हट्ट धरू नये. वाद्यांच्या दालनात अर्धा तास बसावे, प्रत्येकाने एकच वाद्य काढावे आणि त्यात काय कंप पावते ते बाणाने दाखवावे.

पुणे परवडत नसेल तर मिरज आहे, आणि माझ्या मते ती सहल अधिक मोलाची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्ये दुरुस्त करू लागले व पुढे घडवू लागले. त्यांच्या पुढील पिढ्या आजही तेथे सतार व तंबोरे करीत आहेत. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे तेथे येतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे जवारी काढण्याचे काम अवश्य पाहावे. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो व तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवितात. दोरा योग्य जागी आला की तीच तार एकाएकी गुंजू लागते. रामन यांनी ह्या घोडीचाही अभ्यास केला होता. कारागीर मात्र कानाने काम करतात, म्हणून तेथे मुलांनी पूर्ण शांतता पाळावी.

शाळेतच छोटे दालन करावयाचे असल्यास खर्च नाही. वाद्य मागून आणू नये, वादकास बोलवावे. गावच्या मिरवणुकीत शाळेच्या फाटकासमोरून हलगी वाजवीत जाणाऱ्या गृहस्थांस वर्गात गुरुजींच्या शेजारी खुर्ची द्यावी. त्यांनी वाजवून दाखविल्यावर मुलांनी विचारावे : चामडे कशाचे? ते उन्हात किंवा शेकोटीवर का तापवितात? पावसाळ्यात आवाज का उतरतो? ताण, तापमान व आर्द्रता ह्यांचा पाठ ह्या तीन उत्तरांत येतो. मोबाइलवर पाच मिनिटांचे वादन टिपून ठेवावे. आमच्या तालुक्यात सुंद्री किंवा किंगरी वाजविणारे किती उरले आहेत, हे मी तपासणीच्या फेऱ्यांत विचारीत असतो. बहुतेक ठिकाणी एखाद्या म्हाताऱ्याचे नाव सांगतात, आणि काही ठिकाणी ते नावही भूतकाळात सांगतात.

प्रत्येक वाद्याच्या चिठ्ठीवर स्थानिक नाव, वर्ग, लांबी व तोंडाचा व्यास सेंटिमीटरमध्ये, वापरलेले पदार्थ, वाजविण्याचा प्रसंग आणि कारागीर कोठला, इतके लिहावे. वादकाचे नाव त्यांच्या संमतीनेच घालावे. वाद्यावर धूळ असल्यास कोरड्या मऊ कापडाने फक्त खोडावरची झटकावी. पुडीस हात लावण्यापूर्वी मालकास विचारावे.