वल्हं हाती घेतलेल्या २४ जणी

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून ‘जड उचलू नका, हात जपा’, असंच बायकांना वर्षानुवर्षं बजावलं जाई.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांना हे पटेना. १९९६ मध्ये त्यांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या २४ जणींना व्यायामाने तयार करून ड्रॅगन बोटीत बसवलं. लांब, अरुंद होडी. दोघी-दोघींच्या रांगा, पुढे ढोल, आणि त्याच्या ठेक्यावर कमरेतून वाकत वल्हं पाण्यात रोवायचं. हंगाम संपला, तरी एकीचाही हात नव्याने सुजला नव्हता! आज अनेक देशांत असे संघ आहेत.

पुढे २००९ मध्ये, सूज असलेल्या १४१ जणींच्या अमेरिकी अभ्यासात देखरेखीखाली, बेताबेताने वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज बळावली नाही.

कर्करोगाच्या उपचारांच्या काळात अनेकींच्या शरीराचं वजनही वाढतं, त्याचा दोष बाईच्या जिभेवर ढकलणं अन्यायाचं आहे. केमोथेरपीमुळे पाळी अकाली थांबू शकते, स्टेरॉइडने भूक वाढते, थकव्याने चालणं-फिरणं घटतं. मात्र जास्त वजनाने हाताच्या सुजेचा धोकाही वाढतो. म्हणून व्यायाम हवाच. फक्त सुरुवात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारून, अगदी हलक्या वजनांनी करावी.