रुग्णाचा नमाज
(अरबी संज्ञा सलातुल मरीज). आजारी, जखमी, जराजर्जर वा अपंग मुस्लिमाने नमाज कसा अदा करावा, यासंबंधीचे इस्लामी धर्मशास्त्रातील (फिक्ह) नियम. रमजानचा उपवास रुग्णास पुढे ढकलता येतो. नमाज मात्र शुद्ध असेपर्यंत सहसा माफ होत नाही, त्याचे बाह्य रूप तेवढे सौम्य होते. ईश्वर कोणावरही कुवतीबाहेरचा भार टाकीत नाही, हे कुराणातील तत्त्व (२·२८६) या सवलतींच्या मुळाशी आहे.

प्रत्यक्ष नियमाचा मुख्य आधार बुखारीच्या संग्रहातील एक हदीस होय. इम्रान इब्‍न हुसैन यास मूळव्याध होती. त्याने विचारले असता पैगंबरांनी उभ्याने, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले. रुकू व सज्दा अशक्य असल्यास मस्तक लववून खूण करावी. सज्द्याची खूण रुकूपेक्षा अधिक खाली असावी. उशी वा फळी उचलून कपाळास लावणे धर्मशास्त्रज्ञांना पसंत नाही. नमाज चालू असता त्रास वाढल्यास मध्येच बसता येते आणि बरे वाटल्यास पुन्हा उभे राहावे लागते.

शुद्धीचे नियमही असेच शिथिल होतात. पाण्याने अपाय होणार असेल, तर स्वच्छ मातीने तयम्मुम करतात. जखमेच्या पट्टीवरून ओला हात फिरविणे पुरते. सतत रक्तस्राव होणाऱ्या किंवा मूत्रावर ताबा नसणाऱ्या रुग्णाने, हनफी मतानुसार, प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी एकदा वुजू करावा. त्या वेळेपुरता तो त्या स्रावाने भंगत नाही.

तपशिलांत पंथभेद आहेत. मस्तकही हलवता न येणाऱ्याने नेत्रांनी, अखेर केवळ मनाने नमाज अदा करावा, असे शाफिई मानतात. हनफींना मस्तकाहून कमी खूण मान्य नसल्याने ते अशा वेळी नमाज पुढे ढकलतात. आजारात दोन नमाज एकत्र करण्यास हनबली परवानगी देतात, हनफी देत नाहीत. महाराष्ट्रात कोकणी मुसलमान शाफिई व इतर सुन्नी बहुतांशी हनफी असल्याने दोन्ही रीती येथे आढळतात. बसलेल्या इमामामागे निरोगी लोकांनी काय करावे, हा जुना वाद आहे. घोड्यावरून पडून जखमी झाले असता पैगंबरांनी अनुयायांना बसण्याची खूण केली होती. ६३२ मधील अखेरच्या दुखण्यात मात्र ते बसले असता लोक उभेच होते. हनफी व शाफिई या नंतरच्या प्रसंगास प्रमाण मानतात.

अलीकडे मशिदींत खुर्च्यांचा वापर वाढला असून त्यावर उलेमांत चर्चा चालते. जमिनीवर बसून सज्दा करणे शक्य असलेल्याने खुर्ची टाळावी, असे हनफी मुफ्ती सामान्यतः सांगतात; गुडघे वाकत नसल्यास तिला हरकत घेत नाहीत.